आधी कपाट उचललं

माझ्या डाव्या मांडीचं हाड आयुष्यात दोनदा मोडलं. पहिल्यांदा मी एकतीस वर्षांचा होतो आणि फौजेत होतो. दुसऱ्यांदा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि वाडीतल्या केळींना पाणी सोडत होतो. ज्यांचं हाड मोडून चुकीचं जुळलंय आणि जे माझ्यासारखे माजी सैनिक आहेत, अपंगत्वाच्या पेन्शनसाठी कागद गोळा करत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण दुसरं कारण लपवत नाही. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता. तो मी कसा घेतला, हेही यात आहे. त्या माणसाचं नाव इथे देत नाही. ते माझ्या प्रतिज्ञापत्रात आहे, पत्त्यासकट.

एक्स-रे

पाटाच्या कडेला पाय सरकला आणि मी आडवा झालो. कट्‌ असा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. मेरी, माझी बायको, धावत आली आणि मला उठवायला लागली. मी ओरडलो, "हात लावू नकोस, हाड गेलंय." अ‍ॅम्ब्युलन्स पंधरा मिनिटांत आली. वसईत रस्त्यांची काय दशा आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, तरी पंधरा मिनिटांत. चिखलात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. पहिल्या वेळी दोन दिवस लागले होते.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांनी एक्स-रे पडद्यावर लावला.

"काका, आत्ताचं मोडणं मला कळतंय. पण हे जुनं हाड वाकडं जुळलंय. पाय दीड इंच आखूड आहे, पाऊल बाहेर वळलंय. इतकी वर्षं असेच चाललात?"

"चाललो."

"कंबर, गुडघा?"

"दोन्ही गेलेत."

मेरीने घरून प्लास्टिकच्या पिशवीतून जुने कागद आणले होते. डॉक्टरांनी फौजेच्या इस्पितळाचं जुनं डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि दोन ओळींवर बोट ठेवलं.

"त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलेलं दिसतंय. पण अपघात झाला त्या तारखेत आणि तुम्ही दाखल झालात त्या तारखेत दोन दिवसांचं अंतर आहे. मांडीचं हाड मोडलेला माणूस मधले दोन दिवस कुठे होता?"

"डोंगराळ भाग होता. रस्ता बंद होता," मी म्हणालो.

चाळीस वर्षांनंतरही पहिलं जे तोंडात आलं ते खोटंच.

मधले दोन दिवस

आता खरं सांगतो.

आमची लहान तुकडी डोंगरातल्या एका ठाण्यावर होती. आमचे सुभेदार साहेब सातारा भागातले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. खालच्या गावात एका सुताराकडून त्यांनी शिसवी कपाट करून घेतलं होतं. ते रेल्वे स्टेशनवर पोचवायचं होतं. साहेबांनी सरकारी गाडी काढायला सांगितली. ड्रायव्हर मोरेश्वर, आमचा मोरू, वसईतल्याच पाचूबंदरचा. मी इथल्या वाडीवरचा ख्रिस्ती, तो बंदरावरचा कोळी. एका भरतीत घेतलेले, एका पंगतीत जेवलेले, सुट्टीला एकत्र घरी येणारे. कपाट धरून बसायला मला मागे बसवलं.

वळणावर कडा खचली आणि गाडी कलंडली. मोरूला खरचटलं. कपाट माझ्या मांडीवर पडलं.

साहेब तासाभराने जीपमधून आले, चार जवान घेऊन. मी रस्त्याच्या कडेला होतो, पाय भलत्याच बाजूला वळलेला. साहेबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "आधी कपाट उचला. रस्त्यात दिसता कामा नये."

मोरू किंचाळला, "साहेब, आधी मानूस उचला, मानूस!"

आधी कपाट उचललं. मग मला.

मला तुकडीच्या छोट्या दवाखान्यात ठेवलं. तिथे एक कंपाउंडर आणि दुखणं कमी करायची इंजेक्शनं, एवढंच. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे असं मला सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब स्टूल ओढून बसले. त्यांच्या हातात लिहिलेला कागद होता.

"फिलिप, हे बघ. मोरूने आपल्या मनाने गाडी काढली आणि तू खाली गावात जायला तिच्यात बसलास, एवढं म्हण. मोरूला समज देऊन सोडतील. तुझी केस मी सांभाळतो. नाहीतर दोघंही घरी जाल."

मेरीला तेव्हा सातवा महिना होता. मी सही केली. कागद पूर्ण वाचलाही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स दाराशी उभी होती. ती माझ्या सहीची वाट पाहत होती हे कळायला मला काही वर्षं लागली, आणि ते कळल्यावरही मी गप्पच राहिलो. त्या दोन दिवसांत मोडलेल्या हाडाची टोकं जिथे सरकायची तिथे सरकून बसली होती.

मोरूला समज मिळाली नाही. त्याला कोठडी मिळाली आणि मग त्याला बडतर्फ केलं, पेन्शनला दोन वर्षं उरलेली असताना. मी हलक्या कामावर राहिलो, नोकरी पुरी केली, घरी आलो आणि अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. कारण काय लिहिलं होतं? विनापरवाना काढलेल्या गाडीतून प्रवास करताना झालेली इजा, तिचा सेवेशी संबंध नाही. पुरावा म्हणून जोडली होती माझीच जबानी.

माझ्याच सहीने मोरू बुडाला आणि त्याच सहीने मी. दुखणं असह्य असताना कुठल्याही कागदावर सही करू नका. या सगळ्या लिखाणातली एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे.

वॉर्ड

ऑपरेशनला साडेचार तास लागले. जुनं वाकडं जुळलेलं हाड त्यांनी कापलं, सरळ केलं आणि आत लांब सळई घातली. भुलीची मला फार भीती होती. मरणाची नव्हे. भुलीत मी काहीतरी बोलेन याची. शुद्धीवर आल्यावर मेरीला पहिला प्रश्न विचारला, "मी काही बोललो का?" ती म्हणाली, "कपाट कपाट करत होतात. कुठलं कपाट हो?"

वॉर्डातले दिवस असे. पहाटे रक्त काढायला सिस्टर. मग अंग पुसून काढणं. मग फिजिओथेरपीवाली मुलगी, दिसायला गोड आणि मनाने कसाई. "अंकल, टाच गादीवर घासत वर घ्या. अजून. अजून. रडा, पण घ्या." घरी गेल्यावर व्यायाम चुकवू नका, हे तिचं मी इथे जसंच्या तसं लिहितो. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या. बेडपॅन देण्याआधी त्या त्यावर गरम पाणी ओतून पुसून आणायच्या, गार लागू नये म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी त्यांना पगार जास्त नव्हता. इस्पितळात मला सगळ्यांत जास्त रडू आलं ते त्या कोमट बेडपॅनमुळे.

दहाव्या दिवशी आमच्या चर्चचे फादर कम्युनियन द्यायला आले. मी पापाची कबुली दिली. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या साहेबांनाही मनातून क्षमा करा. जखम भरायला मदत होते."

मी म्हणालो, "फादर, मी माझी क्षमा मागायला बसलोय, त्यांना वाटायला नाही."

फादर हसले नाहीत. "मग निदान मोरेश्वरला भेटा," म्हणाले.

मेरीला कळलं

डिस्चार्जनंतर माझा दावा पुन्हा उभा करायचं ठरलं. वसई कोर्टातल्या एक वकीलबाई घरी आल्या. त्यांनी जुनी जबानी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, मनात वाचा. तोवर उशीर झाला होता. मेरी दारात उभी होती.

"मोरेश्वर म्हणजे हिराबाईंचा नवरा?"

मी मान हलवली.

"तीस वर्षं मी तिच्याकडून मासळी घेते. बोंबील निवडून देते ती मला. पोरांना ताप आला की तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण पाठवायची. आणि तुम्ही तिच्या नवऱ्याच्या नावावर हे लिहून दिलंत?"

"त्या वेळी..."

"त्या वेळेचं सांगू नका. त्यानंतर चाळीस वर्षं होती."

ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. औषध, पाणी, जेवण. वॉकर धरून मी संडासला जायचो तेव्हा मागे हात धरून चालायची, पण तोंडाने अक्षर नाही. ज्यांच्या आजारपणात घरचं माणूस रागावलेलं आहे, त्यांना सांगतो, हाडापेक्षा ते जास्त दुखतं. आणि त्यावर गोळी नाही.

वकीलबाईंनी दोन रस्ते सांगितले होते. एक, मोरेश्वरने साक्ष द्यावी की गाडी साहेबांच्या हुकमाने काढली होती. दुसरा, खुद्द साहेबांनी तसं लिहून द्यावं. हुकूम सिद्ध झाला की दावा उभा राहील.

पाचूबंदर

दोन महिन्यांनी मी रिक्षाने पाचूबंदरला गेलो. मोरू घराच्या पडवीत जाळं शिवत होता. मला वॉकरवर येताना बघून त्याची सुई थांबली नाही.

"कोन, फिलिप? अजून हाय तू?"

"आहे."

"बस. नको, बसू नको. बसलास तर उठवायला मानूस लागेल."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो खाली बघून गाठी मारत होता.

"म्हंजे तुला माझी सही पायजे."

"हो."

"साहेबानं गाडी काढायला सांगितली, असं लिवून."

"खरं तेच आहे ना."

तेव्हा त्याने सुई ठेवली. "खरं? हे खरं मी तवा ओरडून सांगत होतो. कोठडीत भिंतीला सांगत होतो. तू तवा आयकलं नाय. आता तुला पेन्शन पायजे म्हनून ते खरं झालं?"

हिराबाई आतून तांब्या घेऊन आली. "पानी घ्या, मेरीबायचे मालक ना तुम्ही? पायाला काय झालं?"

"जुना मार हाय," मोरू म्हणाला. "त्याला विचार, कोनी मारला."

मी पाणी प्यायलो. 

हिराबाई आत गेल्यावर मोरू हळू बोलला. "घरात कोनाला म्हाईत नाय. दोन पोरींची लग्नं केली. स्थळवाले विचारायचे, फौजेतून लवकर का आलात? मी सांगायचो, तब्येत. तुझ्या कागदावर मी सही करनार नाय. तू माझ्या कागदावर कर. लिव, मोरेश्वरनं गाडी चोरली नव्हती, मी खोटं बोललो. ते लिवून आन. मंग बघू."

मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तसं लिहिलंत तर तुम्ही खोटी जबानी दिल्याचं स्वतःच कबूल करता. मग तुमच्या दाव्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यापेक्षा साहेबांचं पत्र मिळवा. सोपं आहे, स्वच्छ आहे."

चंदनसार

साहेबांना शोधावं लागलं नाही. निवृत्तीनंतर ते मुलाकडे विरार पूर्वेला, चंदनसारच्या एका नव्या इमारतीत राहायला आलेले. माजी सैनिकांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसतात, पोरांना शिस्तीवर भाषणं देतात. मी दावा पुन्हा उघडतोय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनीच फोन केला. "ये एकदा घरी, बोलू."

लिफ्ट होती म्हणून जाऊ शकलो. दार उघडलं आणि हॉलमध्ये समोर ते उभं होतं. शिसवी कपाट. पॉलिश केलेलं, वर नातवंडांच्या शिल्ड मांडलेल्या. लग्न मोडलं होतं म्हणे, म्हणून ते मुलीकडे गेलंच नाही. डाव्या बाजूचा खालचा कोपरा अपघातात फुटला होता. तिथे नवं लाकूड बसवलेलं. मी वाकून बोट फिरवलं. सांधा हाताला लागतही नव्हता. कपाटाला चांगला सुतार मिळाला होता.

साहेब आता त्र्याऐंशीचे. कानात मशीन.

"पाय कसा आहे, फिलिप?"

"आपल्याला माहीत असणार."

त्यांनी ते ऐकलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं. "मी पत्र देतो तुला. तू माझ्या हुकमावरून सरकारी कामाला गेला होतास, असं. तुझं काम होईल. कपाटाचा विषय मात्र काढायचा नाही. घरात सुना आहेत, बाहेर मान आहे. या वयात चिखल नको."

"आणि मोरू?"

"त्याचं काय आता? त्याचं प्रकरण केव्हाच बंद झालं."

त्यांनी लेटरहेड काढलं, वर आपला जुना हुद्दा छापलेलं. सावकाश लिहायला लागले. मी समोर बसलो होतो. माझ्या डोक्यात काय चाललंय ते मलाच त्या क्षणी कळलं.

"साहेब, एक अडचण आहे," मी म्हणालो. "मी एकटा कसा जाईन? मला गाडी चालवता येत नव्हती. कागद तपासणारे विचारतील."

ते थांबले. "बरोबर. मग काय लिहू?"

"लिहा की गाडी मोरेश्वरने आपल्याच हुकमावरून काढली होती."

त्यांनी विचार केला. मान हलवली. आणि लिहिलं. त्यांनी माझ्याकडून एक वाक्य लिहून घेतलं होतं, मी त्यांच्याकडून एक घेतलं. फरक एवढाच की त्यांना त्या वेळी काही दुखत नव्हतं. खाली सही, हुद्दा, तारीख.

"चहा घेशील?"

"घेईन," मी म्हणालो. "साखर जास्त."

चाळीस वर्षांत एवढा गोड चहा मी प्यायलो नव्हतो. हे वाचून कुणाला मी नीच वाटलो तर वाटू दे.

मूळ पत्र

वकीलबाईंना पत्र दाखवलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "छान. याने तुमचा दावा उभा राहील."

"हे मूळ पत्र मोरेश्वरच्या अर्जाला जोडा," मी म्हणालो. "त्याच्या बडतर्फीची नोंद बदलून मिळावी म्हणून अर्ज करायचा. आणि त्याच्यासोबत माझं प्रतिज्ञापत्र. सगळं लिहा. कपाट, दोन दिवस, खोटी जबानी, सगळं."

"मग साहेबांनी पत्रात लिहिलेलं सरकारी कामही खोटं ठरेल. ते अडचणीत येतील."

"येऊ देत."

"आणि तुमचा दावा लांबेल. कदाचित जाईलही."

मेरी शेजारी बसली होती. तिने मला विचारलं, "तुम्ही पाप फेडायला निघालात की सूड घ्यायला?"

"दोन्ही एकाच कागदात मावतंय," मी म्हणालो.

 ती वकीलबाईंना म्हणाली, "त्यात हेही लिहा की आधी कपाट उचललं. मोरेश्वर आधी माणूस उचला म्हणून ओरडत होता, तेसुद्धा." आठ दिवसांचा अबोला संपूनही ती माझ्याशी जे बोलली नव्हती, ते त्या दिवशी माझ्या बाजूने बोलली. माझ्या बाजूने म्हणजे मोरूच्या बाजूने. आता त्यात फरक राहिला नव्हता.

अर्ज दाखल झाल्यावर तीन आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. "फिलिप, तू मला फसवलंस. माझ्याच हाताने लिहून घेतलंस."

"साहेब, सही करण्याआधी आपण वाचलं होतं ना? मी वाचलं नव्हतं. मला दुखत होतं."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं होतं मन हलकं होईल. झालं नाही. पण बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वाचून दाखवलं

मोरूच्या अर्जाचं आणि माझ्या दाव्याचं काय होतं ते ठरायला वेळ लागेल. आम्ही दोघं तोवर असू की नसू, सांगता येत नाही. माझा पाय आता जवळपास सरळ आहे. अर्धा इंच कमी आहे, तो बुटाच्या तळाने भरून काढलाय. काठी लागते. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी घाबरू नये, सहा महिन्यांत माणूस आपल्या पायाने बाजारात जातो.

माझ्या प्रतिज्ञापत्राची प्रत घेऊन मी सकाळी पाचूबंदरला गेलो. बोटी लागल्या होत्या. धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू होता, बाया पाट्या घेऊन गोल करून उभ्या, हिराबाई त्यांत पुढे. मोरू दोरखंडाच्या गुंडाळीवर बसला होता. मी कागद त्याच्या हातात दिला.

त्याने वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग माझ्याकडे परत दिला.

"मला नको हा कागद. मला म्हाईत हाय यातलं सगळं. यांना वाचून दाखव."

"इथे?"

"इथं. उभं राहून. मोठ्यानं."

त्याने लिलाव पुकारणाऱ्याला हात केला. "थांब रे जरा. फौजेचा कागद आलाय."

सगळे वळले. मी काठीवर जोर देऊन कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागलो. माझं नाव, माझं गाव, माझी जबानी खोटी होती, मोरेश्वरने गाडी चोरली नव्हती. कपाटापाशी आलो तेव्हाही थांबलो नाही. पाय मांडीपासून ठणकायला लागला होता. मोरूच्या शेजारी बसायला जागा होती. त्याने मला बस म्हटलं नाही आणि मीही मागितली नाही.

वाचून संपलं. हिराबाईच्या हातातली पाटी तिरकी झाली होती आणि तिला कळलं नव्हतं. ती माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

मोरूने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मागच्या बायांना आयकू गेलं नाय," तो म्हणाला. "परत वाच."

मी परत वाचलं.